सर्जिलाच्या घाण्याचं काय? जागतिक वारसा समितीला एक खुलं पत्र

प्रति,
युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीचे सर्व सदस्य,
आणि या समितीवर २०२५ पर्यंत आपल्या देशाच्या वतीने बसलेले दिल्लीतले साहेब लोक,

नमस्कार.

आधी आभार मानतो, कारण ते मानायलाच पाहिजेत. ११ जुलै २०२५ ला पॅरिसमध्ये तुम्ही मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी, आणि त्या रात्री आमच्या फॅमिली ग्रुपवर कुणी झोपलं नाही. रायगड, राजगड, प्रतापगड, कुणाच्या ट्रेकचे वीस वर्षांपूर्वीचे फोटो, पुतण्याने तर सोसायटीत पेढे वाटले. मीपण स्टेटस ठेवला, का नाही ठेवायचा.

मग दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता तुमच्या त्याच बैठकीचे बाकीचे निर्णय बघत बसलो. तीन ठिकाणं धोक्याच्या यादीतून, म्हणजे धोक्यात असलेल्या वारसास्थळांच्या यादीतून, बाहेर काढली असं वाचलं, मादागास्करचं जंगल, इजिप्तमधलं अबू मेना आणि लिबियातलं घदामेस. आनंद आहे. पण मी एक चौथं नाव शोधत होतो आणि ते जिथे होतं तिथेच होतं. उत्तर सिरियातली प्राचीन गावं, सर्जिला त्यातलंच एक. २०११ च्या जूनमध्ये यादीत आली, तेव्हा तिकडे आंदोलन पेटून तीन महिने झाले होते, म्हणजे मांडवातच आग लागली म्हणायची. २०१३ मध्ये सिरियाची सहाच्या सहा ठिकाणं तुम्ही धोक्याच्या यादीत टाकली. २०१३ ते २०२५. आपल्याकडे बारा वर्षांना एक तप म्हणतात. एक तप झालं साहेब.

आता तुम्ही विचाराल की बार्शीकडच्या माणसाला सिरियाचं काय पडलंय. सांगतो, जरा लांबण लागेल.

आमच्या घरी घाणा होता. करडईचं तेल मुख्य, हंगामात शेंगदाण्याचंपण. आबा म्हणजे माझे आजोबा पहाटे बैल जुंपायचे, त्याच्या डोळ्याला झापडं बांधायचे, आणि लाटेच्या, म्हणजे उखळीत फिरणाऱ्या लाकडाच्या, आडव्या फळीवर वजनाला जो दगड ठेवलेला असायचा त्या दगडावर मला बसवायचे, म्हणजे वजनाला वजन आणि पोरगं एका जागी. गोल गोल फिरत मी तिथेच झोपलोय कितीतरी वेळा. शेंगदाण्याची पेंड गरम असताना गुळाबरोबर खायची, करडईची मात्र कडू, ती गुरांना. पुढे बार्शीत विजेवरचे एक्सपेलर आले, लोक तिकडे जायला लागले आणि घाणा बंद पडला. एवढीच आमची ष्टोरी, प्रत्येक गावात एकतरी असं घर असेलच.

नंतर मी इंजिनिअर झालो आणि २००९ ला कंपनीने एका प्रोजेक्टवर सिरियात पाठवलं, दीड वर्ष, हमा शहराच्या जवळ. शुक्रवारी सुट्टी. एका शुक्रवारी, नोव्हेंबर होता, ड्रायव्हर म्हणाला चला तुम्हाला जुनी गावं दाखवतो. हायवेने उत्तरेला तासाभरावर मआरत अल-नुमान म्हणून गाव, तिथून डावीकडे डोंगरात. जबल अल-झाविया. रस्त्याच्या दोन्ही बाजूला लाल माती आणि ऑलिव्हची झाडं, खाली ताडपत्र्या अंथरलेल्या, अख्खी कुटुंबं काठ्यांनी फांद्या झोडतायत, पोरं ताडपत्रीवरून फळं गोळा करतायत. आणि मग एका वळणावर करडा दगड. सर्जिला.

मला वाटलं होतं चार खांब पडलेले असतील. तिथे अख्खं गाव उभं होतं. दीड हजार वर्षं जुनी दुमजली घरं, तिकोनी भिंती शाबूत, खिडक्या शाबूत, फक्त छप्पर नाही कारण ते लाकूड-कौलांचं होतं. बिनचुन्याचा दगडावर दगड, फटीत पोस्टकार्डपण जाणार नाही. खाली गुरांचा गोठा, गव्हाणी दगडात कोरलेल्या, वर माणसं राहायची. गावाला स्वतःचं हमामखाना, इसवी सन ४७३ मध्ये बांधलेलं, आणि त्याच्या बाजूला गावकऱ्यांनी बसून गप्पा मारायची दुमजली ओसरीवाली इमारत. पाणी साठवायला खडकातली टाकी. राजवाडा नाही, तटबंदी नाही. शेतकऱ्यांचं गाव, आणि शेतकऱ्यांकडे पैसा होता. तो पैसा कुठून आला तर तेलातून.

तिथे एक म्हातारा राखणदार होता, सगळे त्याला हज्जी म्हणत. त्याने मला तेल काढायची जागा दाखवली आणि मी तिथेच थांबलो, बाकीचं गाव नंतर बघितलं. भिंतीत एक खोबणी, त्यात मोठ्या तुळईचं एक टोक अडकवायचं. समोर दगडाचीच गोल पाटी, तिच्या कडेने पन्हळ कोरलेली, पन्हळ उतरते थेट टाकीत. आधी ऑलिव्ह दगडी चाकाखाली भरडायचे, मग तो लगदा विणलेल्या चपट्या टोपल्यांत भरायचा, टोपल्यांची चळत त्या पाटीवर रचायची आणि तुळईच्या दुसऱ्या टोकाला दगडाचं वजन लावून दाबायचं. आपल्या घाण्यात भरडणं आणि गाळणं एकाच उखळीत होतं, तिकडे दोन वेगळी कामं. आणखी एक गंमत म्हणजे आबा करडई घाण्यात टाकल्यावर वरून पाण्याचा हबका मारायचे, त्याशिवाय तेल सुटत नाही. ऑलिव्हमध्ये पाणी मुळातच असतं, त्यामुळे टाकीत आधी काळपट पाणी आणि तेल मिसळूनच उतरतं, मग तेल वर येतं आणि ते वरचं काढून घ्यायचं. हे सगळं हज्जीने हातवारे करून सांगितलं, थोडं ड्रायव्हरने इंग्लिशमध्ये. मी त्या खोबणीत हात घातला तर आतली कड गुळगुळीत. आमच्या उखळीची कड अशीच लागायची हाताला.

मी हज्जीला खुणेने बैलाच्या झापडांबद्दल सांगितलं तर तो हसायला लागला, म्हणे आमच्याकडे गाढवाला बांधायचे. मग त्याने रोटी, त्यावर तेल आणि झाअतर नावाची ती वाळकी चटणी दिली. तेल हिरवं, कडवट, घशात ठसका लागेल असं. अरबीत ऑलिव्हला झैतून म्हणतात आणि तेलाला झैत. आपल्याकडे तिळावरून तेल. म्हणजे दोन्हीकडे बियांवरून, फळावरूनच तेलाला नाव पडलं. हे मला तिथे रोटी चावता चावता सुचलं आणि लई भारी वाटलं, आता लिहिताना साधं वाटतंय, असो.

तर हा माझा संबंध. आता तक्रारी.

पहिली तक्रार नावाची. जग या गावांना 'मृत शहरं' म्हणतं. ही शहरं नाहीत आणि मेलेलीपण नाहीत. अलेप्पो, इदलिब, हमा यांच्या मधल्या चुनखडीच्या डोंगराळ पट्ट्यात अशी सुमारे सातशे ठिकाणं आहेत, त्यातली चाळीसेक गावं आठ गट करून तुम्ही यादीत घेतली. पहिल्या ते सातव्या शतकातली. आठव्या ते दहाव्या शतकात हळूहळू लोक उठून गेले. का गेले यावर विद्वानांचं भांडण आहे. चालेंको नावाच्या संशोधकाने १९५० च्या दशकात मांडलं की इथे फक्त ऑलिव्हच होतं, तेल समुद्रापार जायचं आणि व्यापाराची वाट तुटली तशी गावं बसली. नंतर तात या दुसऱ्या संशोधकाने म्हटलं नाही, द्राक्षं, धान्य, गुरं सगळं होतं, नुसत्या तेलावर कुणी जगत नाही. मला तातचं पटतं, आमच्याकडेपण घाणा होता तरी ज्वारी सुटली नव्हती. पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की 'मृत' म्हटलं की माणसाचं मन आपोआप सैल पडतं, मेलेल्याला काय वाचवायचं. आणि 'शहर' म्हटलं की लोक तिथे राजा शोधतात. राजा नाही मिळाला की पाल्मिराकडे जातात, सिरियातल्याच त्या प्रसिद्ध प्राचीन शहराकडे.

पाल्मिराचं वाईट वाटतंच, त्याबद्दल वाद नाही. पण बघा, पाल्मिराची कमान पाडली तर २०१६ ला तिची नक्कल करून लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात उभी केली, फोटो आले, भाषणं झाली. तेलाच्या घाण्याची नक्कल कोण कुठल्या चौकात उभी करणार? आमच्या किल्ल्यांच्या मागे महाराज आहेत, म्हणून अख्खा महाराष्ट्र मागे उभा राहिला. सर्जिलाच्या मागे कोण आहे तर नाव नसलेले शेतकरी आणि तेलवाले. तुमची समिती नेमकी अशांसाठीच असायला पाहिजे ना, राजांची काळजी घ्यायला लोक असतातच.

दुसरी तक्रार, दरवर्षीच्या ठरावांची. तुमचे ठराव मी वाचलेत, सगळे नाही पण बरेच. चिंता वाटते, खेद वाटतो, सर्व संबंधितांनी आवाहनाची नोंद घ्यावी. युद्ध चालू असताना तुम्ही तिथे जाऊन दगड धरून बसू शकत नव्हता हे कळतं मला, मूर्ख नाही मी. पण डिसेंबर २०२४ मध्ये तिकडची सत्ता बदलली, लोक गावाकडे परतायला लागले, म्हणजे खरी घाई आत्ता आहे. परत आलेल्या माणसाचं घर पाडलेलं असतं, त्याला उद्या भिंत बांधायची असते आणि समोर बिनमालकाचा घडवलेला दगड पडलेला दिसतो. तो काय ठराव वाचत बसणार आहे का.

तिसरी तक्रार तशी तक्रार नाही, भीती आहे. या अवशेषांमध्ये माणसं राहिली आहेत. बॉम्बपासून पळालेली कुटुंबं जुन्या थडग्यांत, टाक्यांत, चर्चच्या भिंतीला ताडपत्री बांधून राहिली, उत्तरेला बाबिस्कासारख्या ठिकाणी तर वर्षानुवर्षं. पोरं तिथेच जन्मली. आता संवर्धनाचा विषय निघाला की पहिला विचार काय होतो हे आपल्या देशात बघून मला चांगलं माहीत आहे, आधी बोर्ड लागतो मग बुलडोझर येतो. तसं तिथे होऊ नये. त्या लोकांनी दगडाची चूल मांडली असेल, भिंत काळी झाली असेल, मान्य. पण त्या घरांनी दीड हजार वर्षांनी पुन्हा माणसाला आसरा दिला याला मी तरी नुकसान म्हणणार नाही. नुकसान दुसऱ्यांनी केलंय. सोनं शोधायला खणणाऱ्यांनी, दगड फोडून विकणाऱ्यांनी, वरून बॉम्ब टाकणाऱ्यांनी. संत सिमिऑनच्या खांबाचा जो उरलेला दगड होता, ज्या खांबावर तो साधू पाचव्या शतकात तीस-पस्तीस वर्षं राहिला म्हणतात, त्या जागेला २०१६ च्या हवाई हल्ल्यात मार बसला. मआरत अल-नुमानच्या जुन्या सराईतलं मोझॅइकचं, म्हणजे रंगीत खड्यांच्या चित्रांचं, म्युझियम २०१५ ला बॉम्बने उडवलं गेलं, जे वाचलं ते आधीच वाळूच्या पोत्यांमागे झाकून ठेवल्यामुळे. वरून ६ फेब्रुवारी २०२३ चा भूकंप.

आणि चोरीचं म्हणाल तर सर्जिलाला तो अनुभव जुना आहे. १८९९ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्सटन विद्यापीठाच्या लोकांना त्या हमामखान्यात जमिनीवर मोठं मोझॅइक सापडलं. सहा वर्षांनी परत आले तर मोझॅइक गायब! शंभर वर्षांपूर्वी, ना युद्ध ना काही, फक्त कुणी राखायला नव्हतं म्हणून. मी हे हज्जीकडून ऐकलं तेव्हा तो असं सांगत होता की जणू त्याच्याच ड्यूटीवर चोरी झाली.

चौथी गोष्ट झाडांची, ती कुणी बोलतच नाही. तुम्ही ही गावं नुसते अवशेष म्हणून नाही घेतली, सांस्कृतिक भूदृश्य म्हणून घेतली, म्हणजे शेतं, बांध, पाण्याची टाकी, झाडं सगळं त्यात आलं, असं तुमच्याच कागदात आहे. इदलिबला तिकडे 'हिरवं इदलिब' म्हणतात ते या झाडांमुळेच. युद्धात ही झाडं सरपणासाठी गेली, बागाच्या बागा. दगडाचा खांब पडला तर तो परत उभा करता येतो, माझ्या आजोबांच्या वयाचं ऑलिव्ह परत उभं करायला आजोबाच लागतात. आणि जी झाडं राहिली त्यांच्याखाली सुरुंग आहेत, न फुटलेले बॉम्ब आहेत, फळं वेचायला गेलेली माणसं आणि पोरं त्यात जातायत.

आता मागण्या, सरळ सांगतो.

चाळीसही गावांचा गावनिहाय हिशोब काढा आणि तो लोकांसमोर ठेवा. कुठलं घर उभं आहे, कुठलं पडलं, कुठे लोक राहतायत, कुठे खणलंय. सगळ्यांना मिळून एक 'चिंताजनक' नको, आम्हाला सर्जिलाचं सर्जिला कळू द्या, अल-बाराचं अल-बारा.

जे लोक अवशेषांत राहतात त्यांना आधी घर, मग कुंपण. हा क्रम उलटा करू नका, बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका.

गावागावात राखणदार नेमा, त्याच गावातले, आणि त्यांना दर महिन्याला पगार द्या. एखाद्या मोठ्या कॉन्फरन्सच्या हॉटेलबिलात असे किती हज्जी वर्षभर बसतील याचा हिशोब तुमच्या अकाउंटंटला करायला सांगा. टोमणा मारतोय असं वाटेल, मारतोयच थोडा.

सुरुंग काढायची यादी बनेल तेव्हा ऑलिव्हच्या बागा तिच्यात वर घ्या. आणि झाडं लावायला पैसे द्या, ते संवर्धनातच धरा.

आता दिल्लीच्या साहेबांना दोन शब्द. जुलै २०२४ मध्ये तुम्ही हीच बैठक भारत मंडपममध्ये भरवली होती आणि तिथे पंतप्रधानांनी जाहीर केलं की भारत जागतिक वारसा केंद्राला दहा लाख डॉलर देईल, क्षमता वाढवायला, तांत्रिक मदतीला, संवर्धनाला, खास करून गरीब आणि विकसनशील देशांसाठी. चांगली घोषणा होती. आपल्या पुरातत्त्व खात्याने कंबोडियात ता प्रोहमला झाडांच्या मुळांत अडकलेलं देऊळ सावरलंय, व्हिएतनाममध्ये माय सॉनला काम केलंय, लाओसला वाट फूला केलंय. म्हणजे पडलेला दगड ओळखून परत जागेवर बसवणारी माणसं आपल्याकडे आहेत. त्यातली चार-पाच सर्जिलाला पाठवा ना. समितीवरची आपली मुदत २०२५ मध्ये संपली, तरी हा विषय एकदा तरी आपल्या तोंडून निघू दे, फक्त आपल्याच किल्ल्यांसाठी आपण तिथे बसलो होतो असं व्हायला नको.

बरं, दुसऱ्याला सांगताना स्वतःचंपण सांगायला पाहिजे. आमच्या घाण्याची दगडी उखळी आता कुठे आहे माहितीये? चुलत्यांनी विकली. हायवेवरच्या एका 'गावरान' हॉटेलच्या दारात ती आहे, आत मनीप्लांट लावलाय, लोक तिच्यावर बसून सेल्फी काढतात. मी एकदा जेवायला थांबलो तेव्हा ओळखली, एका बाजूला टवका उडालेला आहे, तो माझ्याच हातून उडालेला, पहार पडली होती. मॅनेजरला म्हटलं ही आमची. तो म्हणाला हो का सर, मस्तच आहे. काय बोलणार, बिल दिलं आणि निघालो. तर मी काही फार मोठा वारसावाला नाही, आमची उखळी आम्ही नाही सांभाळली. कदाचित म्हणूनच हे लिहितोय.

हज्जीचं काय झालं मला माहीत नाही. २०११ नंतर ड्रायव्हरचा फोन एक-दोनदा लागला, नंतर तो नंबर बंद.

शेवटचं. माझ्याकडे सर्जिलाचे २१२ फोटो आहेत, नोव्हेंबर २००९ चे, साध्या डिजिटल कॅमेऱ्यातले, तारीख कोपऱ्यात आलेली. टुरिस्ट काढतात तसे नाहीत, मला तेव्हा घाण्याचंच वेड लागलं होतं त्यामुळे तुळईची खोबणी, पन्हळ, टाकी, वजनाचा दगड सगळं चारी बाजूंनी आहे, मापाला बाजूला माझा पेन ठेवलाय, काहींत हज्जीचा हात आलाय. उद्या कुणी खरंच तिथे जाऊन काय होतं आणि काय राहिलं हे ताडून बघणार असेल तर हे कामाला येतील. फुकट देतो, नावपण नको. फक्त कुठे पाठवायचे तेवढं कळवा.

आपला,
बार्शी तालुक्यातला एक घाणेवाल्याचा नातू